जुने गोवे वाचायचं कसं: चिरा, चुना आणि पाऊस

जुन्या गोव्याला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तो एक फोटो असतोच. लालसर तपकिरी दगडाची उंच दर्शनी भिंत आणि तिच्यापुढे उन्हानं डोळे बारीक करून उभी असलेली घरची माणसं. ही बॉम जीझस बॅसिलिका. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव इथं आहे, त्यामुळे बाराही महिने गर्दी. जुने गोवे म्हणजे लाल दगडाचं चर्च, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पण हे चर्च १६०५ साली पूर्ण झालं, तेव्हा ते असं दिसत नव्हतं. त्यावर बाहेरून चुन्याचा गिलावा होता आणि पुढची जवळपास साडेतीनशे वर्षं तो टिकला. १९५०च्या दशकात तो उतरवला गेला. म्हणजे आज आपण ज्याला 'मूळ दगड' म्हणून कौतुकानं हात लावतो, तो बांधणाऱ्यांनी जाणूनबुजून झाकलेला दगड आहे. हे कळल्यापासून मी जुने गोवे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. नावं, सालं, शैली हे सगळं नंतर. आधी दगड, चुना आणि पाऊस या तिघांचं नातं समजून घ्यायचं. तेवढं समजलं की शहर का ओस पडलं, काही चर्चं का टिकली आणि एक मनोरा अर्धाच का उभा आहे, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळायला लागतात.

आधी चिरा

माझं आजोळ तळकोकणातलं, घर चिऱ्याचं. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीत असतो तेव्हा तो बराच मऊ असतो, हत्यारानं तासून त्याचे चौकोनी ठोकळे काढता येतात. वारा-ऊन लागलं की तो घट्ट होत जातो. त्यात लोहाचा अंश भरपूर, म्हणून तो तांबूस रंग. आणि तो जाळीदार असतो. चिऱ्याचा तुकडा हातात घेऊन बघा, करंगळीचं टोक जाईल एवढाली भोकं त्यात दिसतील. या भोकांतून पाणी आत शिरतं आणि तिथंच मुरतं.

काही वर्षांपूर्वी मामानं घराची मागची भिंत सिमेंटनं गिलावून घेतली. दोन पावसाळे भिंत झकास दिसली. तिसऱ्या वर्षी ती एका जागी फुगली, बोटानं टकटक केलं की पोकळ आवाज यायचा. चौथ्या वर्षी तिथून ताटाएवढा पापुद्रा सुटून पडला आणि आतला चिरा नखानं खरवडला तरी भुगा होत होता. जमिनीतून आणि छपरातून भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत होतं आणि सिमेंटनं ती बंद केली होती. चुन्याचा गिलावा तसं करत नाही. तो पावसाचा मारा अडवतो, पण आतली ओल वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. जुने गवंडी म्हणायचे, चुन्याची भिंत श्वास घेते. शास्त्राच्या दृष्टीनंही ते खरंच आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. अशा जागी पोर्तुगिजांना शंभर-सव्वाशे वर्षांत प्रचंड चर्चं उभी करायची होती. हाताशी दगड होता तो चिरा. मग सूत्र ठरलं: चिऱ्याच्या हातभर नव्हे, काही ठिकाणी पुरुषभर जाड भिंती, त्यावर चुना, वर कौलं. चुना करायचा तो समुद्रातले शिंपले भाजून. पावसाळा संपला की डागडुजी करायची, परत चुना मारायचा. चुना हा भिंतीचा रेनकोट होता आणि तो दर वर्षी नवा करावा लागायचा.

चिऱ्याची दुसरी अडचण नक्षीची. एवढ्या भोकाभोकांच्या दगडात देवदूताचा चेहरा कोरायचा कसा? म्हणून जिथं बारीक काम हवं, तिथं दुसरा दगड लागला. बॉम जीझसच्या दर्शनी भिंतीवर जे काळपट कोरीव भाग दिसतात, तो बेसाल्ट आहे, आणि तो आणला होता वसईहून. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती, तिथून समुद्रमार्गे गोव्याला माल आणणं सोपं होतं. आपल्या गडकोटांच्या तटबंदीत जो काळा दगड आहे, त्याच जातीचा दगड मांडवीकाठच्या या चर्चवर येशूच्या नावाची अक्षरं धरून आहे. पुढच्या वेळी तिथं गेलात तर लाल आणि काळा असे दोन दगड वेगळे करून बघा. लाल दगड तिथलाच, काळा वसईचा.

शहर गेलं कुठे?

नावाचा एक घोळ आधी मिटवू. 'गोवा वेल्हा' आणि 'जुने गोवे' या दोन वेगळ्या जागा आहेत. गोवा वेल्हा हे झुआरीकाठी, कदंबांच्या जुन्या गोपकपट्टण राजधानीच्या परिसरात. जुने गोवे हे मांडवीच्या दक्षिण काठावर. पोर्तुगीज आले तेव्हा इथं विजापूरच्या आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. अफोन्सो द अल्बुकर्कनं १५१०च्या सुरुवातीला ते घेतलं, काही महिन्यांत गमावलं आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला परत जिंकलं. तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून इथलं मुख्य चर्च तिच्या नावानं.

१५३० साली पोर्तुगिजांची पूर्वेकडची राजधानी कोचीनहून इथं आली. पुढच्या शंभर वर्षांत शहर एवढं वाढलं की ज्यानं गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी पोर्तुगीज म्हण पडली. ऐन भरात लोकवस्ती दोन लाखांच्या घरात होती असं सांगितलं जातं. आज त्या जागी हिरवळ, नारळ-पोफळी, रस्ता आणि मधूनच उभी चर्चं. घरं, बाजार, इस्पितळ, टांकसाळ, सगळं गेलं. १५६० ते १८१२ या काळात (मधली चार वर्षं सोडता) लोकांच्या श्रद्धेची झडती घेणाऱ्या इन्क्विझिशनची इमारत इथंच, से कॅथेड्रलच्या जवळ होती. तिची भिंतसुद्धा उरलेली नाही.

शहर कुणी जाळलं नाही, लुटलं नाही. ते आजारानं गेलं. आणि इथं परत तोच चिरा येतो. शहराखालची जमीनही जाळीदार जांभ्याची. सांडपाण्याची नीट व्यवस्था नव्हती, घराघरांतली घाण जमिनीत मुरायची आणि त्याच जमिनीतून विहिरींत उतरायची. पटकी, हिवताप, साथीमागून साथ. ज्या भोकाभोकांच्या दगडानं हे शहर उभं केलं, त्याच्याच भोकांतून रोग विहिरीत पोचला. जोडीला नदी गाळानं भरत होती. समुद्रावर डच आले होते, पोर्तुगिजांच्या हातून होर्मुझ, मलाक्का, कोचीन एकेक करून जात होतं. व्यापार आटला तसे लोक पांगले. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या वाटेवरच्या पाणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये थेट पणजीला. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. ओस पडलेल्या शहराचा दगड पणजीच्या बांधकामांना वाहून नेला गेला.

या सगळ्यात मराठ्यांचाही एक प्रवेश आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं जुन्या गोव्याजवळचं जुवे बेट, म्हणजे सांत इस्तेव्ह, ताब्यात घेतलं. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्हर प्रतिहल्ला करायला गेला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. तो बॉम जीझसमध्ये गेला, झेवियर यांची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड शवापाशी ठेवून शहर वाचवायची विनवणी केली. थोड्याच दिवसांत मोगलांची फौज जवळ आल्यामुळे मराठे मागे फिरले. पोर्तुगिजांनी त्याचं श्रेय संताला दिलं, पण व्हाइसरॉयनं राजधानी मुरगावला हलवायच्या योजनाही लगेच सुरू केल्या. आजही झेवियर यांना गोव्यात 'गोंयचो सायब' म्हणतात.

चर्च कसं वाचायचं

आपल्यापैकी बरेच जण चर्चमध्ये शिरतात, वर बघतात, सोनेरी वेदीचा फोटो काढतात आणि बाहेर येतात. ती इमारत अशी का आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. देवळाशी तुलना केली तर ते लवकर कळतं. आपल्या देवळाचा जीव गाभाऱ्यात. गाभारा लहान, अंधारा, आणि दर्शन एकेकट्यानं, रांगेनं. चर्चमध्ये सगळा समुदाय एकाच वेळी बसून एकच विधी बघतो आणि प्रवचन ऐकतो. म्हणून चर्च मुळात एक मोठं सभागृह आहे. भाविकांनी बसायचा लांब मधला भाग आणि टोकाला वेदी. वेदीच्या मागची लाकडी, सोन्याचा वर्ख दिलेली भिंत म्हणजे गाभारा आणि पोथीतली चित्रं दोन्ही एकत्र. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना तीत अख्खी कथा दिसायची.

बॉम जीझसमध्ये दारात उभे राहा आणि मधे काही आड येतंय का बघा. काही नाही. खांबांच्या रांगा नाहीत, बाजूच्या ओसऱ्या नाहीत. हे चर्च जेझुइटांचं, म्हणजे 'येशूचा संघ' या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं. त्यांचा भर प्रवचनावर, म्हणून कुठंही बसलं तरी वेदी दिसली पाहिजे आणि उपदेशकाचा आवाज पोचला पाहिजे. त्याच हेतूनं उपदेशाचा लाकडी मंच वेदीपाशी न ठेवता बाजूच्या भिंतीला, लोकांच्या मधोमध लावला आहे. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात हा साधा हिशोब होता.

आता वेदीकडे बघा. बॉम जीझस म्हणजे बाळ येशू. पण ज्याच्या नावाचं चर्च, ती मूर्ती अगदी लहान. तिच्यावर भलीमोठी मूर्ती आहे ती जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची. तो वर बघतोय. त्याच्या नजरेच्या रेषेत एक सोनेरी सूर्य, त्यात तीन अक्षरं: आय, एच, एस. येशूच्या ग्रीक नावाची ही पहिली अक्षरं, जेझुइटांची खूण. हीच अक्षरं बाहेर दर्शनी भिंतीच्या माथ्यावरही कोरलेली आहेत. बाहेरून आत येईपर्यंत तुम्ही ती दोनदा वाचता, आणि इमारत कुणाची हे न विचारताच कळतं. ज्यांनी एवढी ठसठशीत सही केली, त्या जेझुइटांना १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेनंच हाकललं.

झेवियर यांची समाधी उजव्या बाजूच्या दालनात. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले, १५५४ मध्ये शव गोव्यात आलं. चांदीची पेटी १६३०च्या दशकातली, गोव्यातल्याच सोनारांच्या हातची. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतल्या तस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवला, फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराकडून घडवून, आणि तो १६९८ साली इथं जोडला. गर्दीत ढकलले जाताना हा फरक नजरेतून सुटतो. पेटीवरचं चांदीकाम दाट आणि अंगासरशी, ओळखीचं वाटणारं. खालचं संगमरवर थंड आणि मोकळं. दोन देशांचे हात एकावर एक ठेवलेले आहेत.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. 'से' म्हणजे पीठ, आर्चबिशपचं पीठ. ७६ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये आटोपलं, वेद्यांचं काम त्याहीनंतर चाललं. ही सरकारी प्रतिष्ठेची इमारत, म्हणून आत खांब, बाजूच्या ओसऱ्या, दोन्हीकडे लहान लहान चॅपेलं, म्हणजे प्रार्थनेची दालनं. बाहेरून ती पांढरी आहे, तिचा चुना जागेवर आहे. समोरून बघितलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण एका बाजूचा मनोरा नाही. तो १७७६ साली कोसळला आणि परत बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गंभीर, भरीव आवाजाची घंटा आहे, तिला आवाजावरून 'सोनेरी घंटा' म्हणतात.

शेजारचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च १६६१चं, पण दरवाजा त्याआधीच्या, त्याच जागेवरच्या चर्चचा. पाडताना तेवढा दरवाजा जपून ठेवला. त्यावर दर्यावर्दी वापरायचे तसले खगोलाचे गोल कोरलेले आहेत. राजा मॅन्युएल पहिला, कारकीर्द १४९५ ते १५२१, त्याच्या काळात वास्कोची जहाजं भारतात आली आणि पोर्तुगालच्या इमारतींवर दोरखंड, गाठी, गोल असं जहाजावरचं सामान दगडात उमटायला लागलं. या शैलीला मॅन्युएलाइन म्हणतात. ती सगळ्यात निवांत बघायची असेल तर टेकडीवरचं रोझरी चर्च गाठा, १५४०च्या दशकातलं. याच टेकडीवरून अल्बुकर्कनं १५१०ची लढाई पाहिली असं सांगतात. किल्ल्यासारखे गोल बुरूज आणि त्यांना वेढलेली दगडी दोरखंडं. आत गव्हर्नर गार्सिया द सा याच्या पत्नीचं, दोना कातारिनाचं स्मारक आहे, आणि त्यावरची नक्षी मात्र गुजराती धाटणीची! तिथं फारसं कुणी जात नाही. माझ्या मते अख्ख्या जुन्या गोव्यातली ही सगळ्यात बोलकी जागा आहे.

सेंट काजेतान चर्चचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण ते पोर्तुगिजांचं नाहीच. पोपनं काही इटालियन धर्मगुरूंना गोवळकोंड्याला पाठवलं, तिथं शिरकाव मिळाला नाही, म्हणून ते गोव्यात राहिले आणि रोमच्या सेंट पीटर्सवर नजर ठेवून त्यांनी घुमटाचं चर्च बांधलं. घुमटाखाली बरोबर मधोमध एक विहीर आहे. बाहेर बाजूलाच काळ्या दगडाची एकटी कमान उभी आहे, आदिलशाही वाड्याचं दार म्हणून ओळखली जाणारी. मागे वाडा नाही, पुढे शहर नाही.

अर्धा मनोरा

आता सेंट ऑगस्टिन. इथं तिकीट नाही, आरती-मिस्सा नाही, आणि जुने गोवे समजायला याच्याइतकी चांगली जागा नाही. हे चर्च १६०२च्या सुमारास पूर्ण झालं. मनोरा ४६ मीटर उंच. आज त्याची एक उभी चकती तेवढी शिल्लक आहे, बाकी सगळे ढिगारे आणि जोती. एखाद्या घराचा उभा छेद घेतल्यासारखं सगळं दिसतं: चिऱ्याचे थर, त्यांच्या मधला चुना, भिंतीची जाडी, गिलाव्याचे उरलेले पापुद्रे, कुठेकुठे रंगीत फरशा.

हे पडलं कसं? १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं गोव्यातले साधूंचे सगळे मठ बंद केले. साधू गेले, चर्च रिकामं झालं. १८४२ साली त्याचं कमानी छत कोसळलं. मोजा: सात पावसाळे. दोनशे चाळीस वर्षं उभं असलेलं छत, माणूस निघून गेल्यावर सात पावसाळ्यांत गेलं.

कारण कळायला कमानीचा स्वभाव माहीत हवा. कमान नुसती खाली दाबत नाही, ती बाजूच्या भिंतींना बाहेरही ढकलत असते, अखंड. भिंत जाड आणि कोरडी असेल तोवर ती हा रेटा सोसते. छताचं एक कौल फुटलं, पाणी आत आलं, चिऱ्याच्या भोकांत बसलं, सांध्यातला चुना धुऊन निघाला, फटीत पिंपळाचं रोप रुजलं, की भिंत ढिली पडते आणि कमान तिला ढकलून देते. एक कौल बदलायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास देणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला.

या ढिगाऱ्यात एक राणीही सापडली. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणमध्ये शाह अब्बासच्या हुकमानं मारली गेली, धर्म बदलायला तयार नव्हती म्हणून. ऑगस्टिन पंथाच्या साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणून या मठात ठेवल्याची नोंद होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला उत्खननात अस्थी मिळाल्या, हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेनं डीएनए तपासला आणि २०२१ मध्ये भारतानं त्यातल्या काही अस्थी जॉर्जियाला भेट दिल्या.

नदीपलीकडची देवळं

ही चर्चं बघताना नदीच्या पलीकडे काय घडलं, ते विसरता येत नाही. १५४०पासून तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्या परिसरातली, आणि नंतर साष्टी-बारदेशातली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा या देवता भाविकांनी रातोरात नदी ओलांडून, तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता नसलेल्या फोंडा महालात नेल्या. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर पलीकडे नार्व्याला गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. जुन्या गोव्याच्या फेरी धक्क्यावर उभं राहिलं की समोर दिसतं ते दिवाडी हेच.

पुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. फोंडा महालातल्या कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८चं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकारातलं. त्याच्या खिडक्या बघा: कमानीच्या, चर्चसारख्या. शिखराच्या जागी अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, बाहेर मनोऱ्यासारखी मजल्यामजल्यांची दीपमाळ. नदीच्या एका काठावर चर्चं बांधणारे गवंडी-सुतार आणि दुसऱ्या काठावर देवळं बांधणारे हात फार वेगळे नव्हते. चर्चसाठी मूर्ती हिंदू कारागिरांकडून घडवून घेऊ नयेत, असा ठराव १५६७च्या धर्मपरिषदेनं केला होता. असा ठराव करावा लागला, यातच काय चाललं होतं ते आलं. सत्तेनं देवळं पाडली, पण कमान, चुना आणि चिऱ्याचं ज्ञान कारागिराच्या हातात होतं, आणि तो हात नदी ओलांडून गेला.

गिलावा परत द्यावा का?

बॉम जीझसकडे परत येऊ. १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रू हा पोर्तुगीज वास्तुरचनाकार गोव्यात डागडुजीच्या कामासाठी आला होता. तेव्हा पोर्तुगालमध्ये जुन्या वास्तूंवरचे नंतरचे थर उतरवून 'अस्सल जुना' दगड दाखवायची लाट होती. दगड दिसला की इमारत प्राचीन वाटते, अशी समजूत. पोर्तुगालच्या ग्रॅनाइटला ते एक वेळ चालेल. गोव्याच्या चिऱ्याला, तीन हजार मिलिमीटर पावसात, ते कसं चालणार? त्या दिवसापासून दर पावसाळ्यात ती भिंत थेट पाणी पिते आहे. कोपरे झिजलेत, चिऱ्याच्या कडा गोल झाल्यात, भिंतींवर शेवाळं धरतं. शेजारची से आणि असिसी चर्चं त्याच पावसात, त्याच दगडाची, पण चुन्याखाली आहेत. दोन्हीकडच्या भिंती दहा पावलांवरून बघितल्या तरी फरक दिसतो.

चुना परत लावावा, असं संवर्धनातल्या कित्येक जाणकारांचं म्हणणं आहे. त्याला विरोध आहे तोही मनापासूनचा आहे. तीन पिढ्यांनी हे चर्च लालच पाहिलंय. ज्यांची लग्नं तिथं लागली, ज्यांनी ३ डिसेंबरच्या फेस्ताला नवस फेडले, त्यांना पांढरी इमारत परकी वाटेल. मला ते समजतं. तरीही मी चुन्याच्या बाजूचा आहे. आजोळची ती भिंत नखानं खरवडली गेलेली मी पाहिली आहे. लाल रंगावरचं आपलं प्रेम सत्तर वर्षांचं, भिंत चारशे वर्षांची.

जमलं तर जुने गोवे भर पावसात बघा, आषाढात. गर्दी नसते. बॉम जीझसच्या भिंतीला तळहात लावा, ओल लगेच हाताला येते. मग रस्ता ओलांडून सेच्या पांढऱ्या भिंतीला हात लावा. तिथून चढ चढून ऑगस्टिनच्या मनोऱ्याखाली जा आणि वर, घंटा होती त्या मोकळ्या कमानीकडे बघा. ती घंटा १८७१ मध्ये पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर चढवली. तिथं ती अजून वाजते.